सतरा नंबरचे हाड

१ बहमन १३४४ फसली

सरकारी दप्तरातून दोन वह्या आल्या. एक हाडांच्या नोंदीची. दुसरी चुकून जास्त आली. परत द्यायला गेलो तर तिथले कारकून, पेशकार नूरमोहम्मद म्हणाले, परत घेतल्याचा कागद कोण करणार, ठेव तुझ्याकडे. तेव्हा ही माझी.

हाडे काल बैलगाडीने आली. पूर्वेकडच्या जंगलात नदीकाठी सापडली, हैदराबादला होती, आता सहा आठवडे इथल्या मुलांना दाखवायला जुन्या सराईतल्या एका खोलीत मांडली आहेत. एकूण तेवीस. मांडीचे हाड सर्वांत मोठे, माझ्या छातीपर्यंत येते. सर्वांत लहान सतरा नंबरचे, पायाच्या बोटाचे. मोठ्या बटाट्याएवढे आहे. हाडांबरोबर हैदराबादहून आलेले साहेब म्हणतात, हे सरड्याच्या जातीचे जनावर होते आणि माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी मेले. मी मान डोलावली. सरडा एवढा कसा, हे विचारायचे धाडस झाले नाही.

राखणदार मी. उर्दू सहावीत शाळा सुटली. गेली तीन वर्षे रजेवर गेलेल्या माणसांच्या जागी बसतो आहे. माणूस परत आला की मी घरी. साहेबांनी नीट सांगितले: कोरड्या हवेत ही हाडे ठिसूळ होतात, कपचे सुटतात. दर शुक्रवारी मोठी टेपने मोजायची, लहान तागडीत तोलायची. पुढच्या महिन्यात, तेरा इस्फंदारला, मी येईन. तेवीसच्या तेवीस जशीच्या तशी पेटीत गेली तर तुला पक्की जागा देतो.

जशीच्या तशी. हे शब्द दिवसभर डोक्यात आहेत.

३ बहमन, शुक्रवार

पहिले तोलणे. सतरा नंबर बरोबर ४१ तोळे.

बाहेरची पाटी तीनदा लिहिली. पहिल्यांदा 'प्राचिन' लिहून गेलो. दुसऱ्यांदा बरोबर लिहिली पण शेवटच्या अक्षराला जागा उरली नाही.

तेवीस हाडांवरून अख्खे जनावर कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहणार? म्हणून साहेबांनी दिलेल्या चित्रावर पेन्सिलीने चौकोन आखले आणि सराईच्या अंगणात सुतळी नि खुंट्या लावून चुन्याच्या फक्कीने त्याची आकृती काढली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकोणतीस हात. कंबर धरली. नूरमोहम्मद ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "पुंजाराम, इसकू दाना-पानी भी तूच देनेवाला क्या?"

५ बहमन

रमजान सुरू झाला. नूरमोहम्मद रोजे धरतात. वय साठीकडे, पाण्याचा घोटही नाही, आणि दुपारी ओसरीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसतात. त्यांच्यासमोर भाकरी सोडणे मला जमणार नाही. त्यांनी काही म्हटलेले नाही. पण आमच्या वस्तीत रोजेदारासमोर कोणी खात नाही, मीही खाणार नाही. सराईच्या मागे चिंचेखाली जाऊन जेवायचे ठरवले.

मग हाडांजवळ कोण? बायकोला, आवडाला, विचारले. ती म्हणाली, नाहीतरी भाकरी घेऊन यायचीच आहे, तेवढा वेळ मी बसते. लेकरेही घेऊन येते. आपल्या खोलीत दिवसासुद्धा कंदील लावावा लागतो, सराईच्या अंगणात ऊन तरी आहे. आमच्या गल्लीतल्या त्या खोलीला खिडकी आहे, पण ती पुढच्या घराच्या भिंतीत उघडते.

कडूबा सहा वर्षांचा आहे. आकृतीभोवती धावत सुटला. भागूला तीन पुरी होतील आता. ती अजून उभी राहत नाही. पाय धनुष्यासारखे वाकले आहेत. वैद्याने काढा दिला, हकिमाने तेल दिले, आवडा गुटी उगाळून देतेच आहे. भागूला जनावराच्या पोटात बसवले. ती चुना बोटाला लावून बघत बसली.

८ बहमन

पडेगावच्या शाळेची चाळीस मुले आली. घसा बसला.

मी पाठ केलेले सगळे सांगितले. शेवटी एका मुलीने विचारले, सरडा होता तर झाडावर चढायचा का? मी म्हणालो, एवढे झाड कुठे असणार. तिचा पुढचा प्रश्न, मग सरडा कशाला म्हणायचं? त्यांचे मास्तर सांडू गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी हैदराबादच्या साहेबांचे नाव पुढे केले.

नूरमोहम्मद मुलांना निराळेच सांगत होते. त्यांच्या मते हे औज बिन उनुक नावाच्या महाकाय माणसाचे हाड, जो समुद्रात उभा राहिला तर पाणी घोट्यापर्यंत यायचे. मुलांना तेच जास्त पटले.

कडूबा आता रोज येतो आणि आलेल्या मुलांना, हे माझ्या आबाचं हाये, असे सांगतो. त्याला दटावले.

१० बहमन, शुक्रवार

सतरा नंबर ४१ तोळे. सगळी हाडे ठीक.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून घरोघरची माणसे लेकरांना घेऊन येतात. आज पैठणच्या बाजूची आशाबाई नावाची एक म्हातारी तीन नातवंडे घेऊन आली. पाटी वाचता येत नव्हती, वाचून दाखवली तरी मानली नाही. हाडाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "सरड्याचं नाय रं बाबा. भीमाचं हाये. आमच्याकडं घाटावर घावलं व्हतं. सहाणेवर उगाळून दिलं की बसलं लेकरू उठून पळतंय."

किती अडाणीपणा आहे. मी तिला हाताने दाखवून बाहेरची वाट सांगितली. आवडा मात्र तिच्याशी बराच वेळ बोलत बसली. किती वेढे, दुधात की पाण्यात, असे काहीतरी विचारत होती. बायकांना बोलायला विषय लागतो.

१३ बहमन

आवडाने आजपासून भाकरीच्या फडक्यात सहाणही आणली. भागूची गुटी दुपारचीच द्यायची असते म्हणते, घरी जाईपर्यंत वेळ टळते. ठीक आहे. खोलीत पाणी सांडू नको एवढे सांगितले.

चिंचेखाली जेवायला बरे वाटते. सावलीत थंडी वाजते, पण कोणी प्रश्न विचारत नाही.

१७ बहमन, शुक्रवार

सतरा नंबर ४० तोळे १० मासे.

दोन मासे कमी. चार वेळा तोलले.

१८ बहमन

झोप नाही. पुन्हा तोलले. तेवढेच. बाकीची लहान हाडे, नऊ नंबर, बारा नंबर, वीस नंबर, जशीच्या तशी. कपचा सुटला असता तर खाली दिसला असता. फरशी गुडघ्यांवर बसून तपासली. काही नाही. साहेब म्हणाले होते हवेने झीज होते. पण हवा एकाच हाडाला कशी लागेल?

२० बहमन

सतरा नंबरला मुंग्या लागल्या.

हाडाला मुंग्या लागतात हे मी कधी ऐकले नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडात काय गोड राहिले असेल? आवडाला विचारले, ती म्हणाली मुंग्या कशालाही लागतात. तिने फडक्याने पुसून दिले. उंच पाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून लहान हाडे त्यावर मांडली. दिवस त्यातच गेला.

२४ बहमन, शुक्रवार

४० तोळे ७ मासे.

वजने खोटी असतील या आशेवर नूरमोहम्मद यांच्याकडून दोन नवे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये मागून घेतले. कलदार बरोबर एक तोळ्याचा असतो. माझी वजने खरी निघाली. फार वाईट वाटले. रुपये परत दिले. ते म्हणाले, "कायकू सूखता तू? हड्डी है, भाग थोडी जाती." रोजाने त्यांचे ओठ फुटले आहेत. त्यांना काही सांगावेसे वाटले नाही.

कोण करत असेल? खोलीला कुलूप एकच, किल्ली माझ्या कमरेला. दुपारी आवडा असते, म्हणजे खोली कधीच मोकळी नसते. दिवसभर कोणी पोर चोरून खरवडत असेल का? आजपासून मुलांना दोन हात लांब उभे केले. एक लहान मुलगा रडला. त्याला हाडाला हात लावायचा होता, त्यासाठीच तो लांबून चालत आला होता. मी त्याला लावू दिला नाही. घरी येताना त्याचेच तोंड डोळ्यांपुढे होते.

२८ बहमन

भागूने आज मांडीच्या हाडाला धरून स्वतःला वर ओढले. एक क्षण उभी राहिली, मग बसली. आवडाने तिला पोटाशी धरले आणि माझ्याकडे बघितले, जणू मी काहीतरी बोलावे. मी म्हणालो, हाडाला धरू देऊ नकोस, हलेल.

आता लिहिताना वाटते, दुसरे काही म्हणायला हवे होते.

रंग मात्र पार काळवंडला आहे पोरीचा. आवडाला त्याची काळजी वाटते. रोज दोन-दोन तास उन्हात, त्या आकृतीच्या पाठीवर रांगत असते. कडूबा तिला शेपटीला धरून ओढतो, म्हणजे शेपटीच्या रेघेवरून ओढत नेतो.

१ इस्फंदार, शुक्रवार

४० तोळे ४ मासे.

सतरा नंबर उजेडात नेऊन पाहिले. एका अंगाने चपटे झाले आहे. बाकी सगळीकडे खरखरीत आणि तेवढीच जागा गुळगुळीत, जशी पायऱ्या झिजतात तशी. बारा दिवस राहिले. दप्तराच्या वहीत खरा आकडाच लिहिला. खोटा लिहायचा विचार आला होता. पेन दौतीत बुडवून बराच वेळ बसलो.

पक्की जागा गेली असे धरून चालायला शिकले पाहिजे. ते जमत नाही. आवडाला अजून काही बोललो नाही. ती हल्ली खुशीत असते.

४ इस्फंदार

ईद. सराई बंद. नूरमोहम्मद यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या घरातून, मेहरुन्निसा चाचींनी, मुलांसाठी शीरखुर्म्याचा डबा दिला. कडूबाने भागूच्या वाट्याचाही खाल्ला.

५ इस्फंदार

हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला वेगळे आठवायला नको.

दुपारी नेहमीप्रमाणे चिंचेकडे निघालो. नूरमोहम्मद यांनी ओसरीवरूनच हटकले, रमजान संपला, आता तरी माझ्यासोबत बसून खा, महिनाभर माझ्यापासून लपून खातोस, मला दिसत नव्हते काय. मला लाज वाटली आणि बरेही वाटले. भाकरी खोलीतच विसरली होती, ती घ्यायला परत गेलो.

आवडा दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. सहाण पुढ्यात, वाटीत दूध-गूळ, आणि सतरा नंबर तिच्या हातात. गोल फिरवत हळू मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस. भागू तिच्या मांडीला टेकून तोंड उघडून वाट बघत होती.

मी एकवीस होईपर्यंत उभा राहिलो. का, ते सांगता येत नाही. मध्येच मोडावे असे वाटले नाही.

तिने मला पाहिले. घाबरली नाही. बोटाने भागूला चाटवले, सहाण पुसली, हाड पुसून पाटावर ठेवले, नंबर वर येईल असे. मग म्हणाली, "म्हाईत व्हतं मला, तुम्ही तोलताय ते. रोज वाटायचं आज विचारतील."

मी म्हणालो, माझी जागा जाईल. तिने मान डोलावली. तेही तिला माहीत होते.

"जागा काय, दुसरी मिळंल न मिळंल," ती म्हणाली. "पोरगी तीन वरसं भुईवर हाये. मी कुठं कुठं नाय गेले. ह्यानं गुण आलाय, तुमच्या डोळ्यांम्होरं उभी राह्यली. आठ दिवस राह्यले. तेवढं करू द्या."

तिच्यावर ओरडायला अंगात ताकद नव्हती. अठरा दिवस चोर शोधून थकलो होतो. खरे सांगायचे तर चोर सापडल्यावर हलके वाटले.

मी म्हणालो, पाच वेढे. एकवीस नाही. पाच.

ती म्हणाली, सात.

ठीक आहे म्हणालो आणि भाकरी घेऊन बाहेर आलो. नूरमोहम्मद म्हणाले, इतका वेळ? त्यांच्या डब्यातले कबाब होते. मी खात नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी डबा पुढे केला, मी नको म्हणालो, ते हसले.

८ इस्फंदार, शुक्रवार

४० तोळे २ मासे. कारण माहीत असले की आकडा लिहायला सोपा जातो.

११ इस्फंदार

संक्रांत. आवडाने तिळगूळ सराईतच आणला. नूरमोहम्मद यांना दिला, मांडीच्या हाडापुढेही दोन दाणे ठेवले. मी बघून न बघितल्यासारखे केले.

दुपारी भागू आकृतीच्या शेपटीपाशी बसली होती. कडूबा चार पावलांवर उभा राहून तिला तिळगुळाची वडी दाखवत होता. मी ओसरीवर पेटीसाठी चिंध्या घडी करत होतो. भागू हात टेकून उठली. आधाराला काही नव्हते. एक पाऊल टाकले. थांबली. दुसरे टाकले. तिसऱ्याला पडली, चुन्यात तोंडघशी, आणि रडण्याआधी वडी हिसकावून घेतली.

दोन पावले.

नूरमोहम्मद "सुभानल्ला" म्हणाले. आवडा खोलीच्या दारात होती. ती माझ्याकडे आली नाही. आत गेली, बहुधा हाडाकडे.

१२ इस्फंदार

नूरमोहम्मद यांना सांगितले. कोणाला तरी सांगणे भाग होते. ते म्हणाले, उद्या साहेब तोलतील तेव्हा तागडी मी धरीन. साहेबांची नजर कमी झाली आहे म्हणून चष्मा ते दर दोन मिनिटांनी पुसतात. तेवढ्यात एक तोळ्याचे बोट लागायला काय लागते.

त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत तागडीला बोट लावले नसेल. माझ्यासाठी लावायला निघाले होते. मी म्हणालो, नको चाचा. वहीत तर आधीच खरे लिहिले आहे.

"तू लिखता बहोत," ते म्हणाले.

१३ इस्फंदार

साहेब आले. अंगणातली आकृती बघून थांबले. सगळीकडून फिरून पाहिली, चित्राशी ताडली, मानेची वळणे बरोबर आहेत म्हणाले. मला वाटले आता काहीतरी चांगले होईल.

तेवीस हाडे एकेक करून तोलली, मोजली. सतरा नंबर ४० तोळे १ मासा. त्यांनी वही पाहिली. दर आठवड्याची उतरण माझ्याच अक्षरात होती. कारण विचारले. रात्री मनाशी तीन उत्तरे तयार केली होती. तिन्ही विसरलो आणि खरे सांगितले. वेढ्यांचा आकडाही सांगितला. माझे सात वेढेही सांगितले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे झाले असते. हाड हातात घेऊन झिजलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. मग उर्दूत म्हणाले, हे हाड आता हाड नाही. जमिनीत राहून राहून त्याचा दगड झाला आहे. यात हाडाचे काहीही उरलेले नाही. तुझ्या बायकोने मुलीला महिनाभर दगड चाटवला.

मी पारड्यातली वजने उचलून ठेवली.

"और बच्ची?" त्यांनी विचारले.

"दो कदम चली, हुजूर."

ते भागूकडे बघत राहिले. ती उन्हात बसून शेपटीचा चुना उकरत होती. काही बोलणार होते असे वाटले, पण चष्मा पुसून वहीकडे वळले. शेऱ्यात लिहिले ते मी उलटे वाचले: नोंद चोख, राखण नाही. पक्क्या जागेबद्दल ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही.

पेट्यांना खिळे मारले. गाडी गेली.

१६ इस्फंदार

किल्ली नूरमोहम्मद यांच्या हवाली केली. पोच घेतली.

दगड होता हे आवडाला सांगितले नाही. मग भागू उठली कशी, हे मला कळत नाही आणि तिला विचारू शकत नाही. काढा तर आधीपासून होता. तेलही होते. गुटीही तीच. मी कागद घेऊन काय काय नवे झाले ते लिहायला बसलो, तर त्या दगडाशिवाय काही सुचले नाही.

२१ इस्फंदार

आठ दिवस भागू घरी उठत नाही. भिंतीला धरते आणि बसते. कंदिलाकडे बघत पडून असते. आवडा म्हणते, हाड गेलं, गुण गेला. मला दोष देत नाही. भाकरी वाढते, बोलत नाही. मी दोन दप्तरांत जाऊन आलो. रजेवर कोणी नाही.

२२ इस्फंदार, शुक्रवार

सकाळी कडूबाने हट्ट धरला, सरडा बघायचा. सरडा गेला म्हणून सांगितले. तो म्हणाला, "हाडं गेली. सरडा अंगणात हाये की."

मला काम नव्हतेच. भागूला खांद्यावर घेतले, त्याला बोटाला धरले आणि सराईत गेलो. खोलीला कुलूप. अंगण मोकळे. आकृती पुसट झाली आहे, मान तर गाडीच्या चाकांनी गेली, पण शेपूट आणि पाठ आहे. मी पायरीवर बसलो. ऊन अंगावर आले तसे डोळे जड झाले. दीड महिना याच अंगणात होतो आणि ऊन असे अंगावर घेऊन एकदाही बसलो नव्हतो.

भागू तासभर शेपटीवर बसून होती. मग उठली. मी हललो नाही, बोलावलेही नाही. रेघेवरून निघाली, हात पसरून, पाय वाकडे टाकत. कडूबा मागे मागे, न शिवता. मांडीच्या जागेपर्यंत आली आणि तिथे हाड नाही हे बघून माझ्याकडे वळली.

अकरा पावले. पडली नाही.

आवडाला घरी जाऊन एवढेच सांगितले. कसे ते तिने विचारले, मला सांगता आले नाही. उद्या तिलाही घेऊन जाईन. नूरमोहम्मद यांच्याकडे थोडा चुना उरला आहे, मान पुन्हा काढून ठेवतो.